यात्रेकरूचा रुपया आणि शाळेचा हजेरीपट
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या परिसर अभ्यासासाठी)

नाशिक जिल्ह्यास परगावचा माणूस नवा नाही. त्र्यंबकेश्वरी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास, पंचवटीत रामकुंडावर स्नानास व श्राद्धविधीस, वणीच्या गडावर सप्तशृंगीचा नवस फेडण्यास माणसे पिढ्यानुपिढ्या येत आली आहेत. आता त्यांत निराळ्या प्रकारच्या पाहुण्यांची भर पडली आहे. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडील धबधबे पाहणारे, हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरी पक्षी पाहणारे, दुर्ग चढणारे, द्राक्षबागांत मुक्कामास येणारे असे नाना तऱ्हेचे लोक रस्त्यावर दिसतात. या सर्वांच्या येण्याजाण्यास पर्यटन हा एकच शब्द लावला जातो, आणि पर्यटनाने खेड्यांतील दारिद्र्य हटेल असे वचन सभांतून व अहवालांतून वरचेवर ऐकू येते. ते वचन कितपत खरे आहे, हे पडताळून पाहण्याचे एक उत्तम साधन शाळेच्या कपाटातच असते. ते साधन म्हणजे हजेरीपट.

त्याचे कारण असे. त्र्यंबकेश्वर हे तालुक्याचे ठिकाण. तेथे वर्षभर भाविकांची रीघ असते. परंतु त्याच तालुक्यातील, तसेच पेठ व सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवरून भाताची व नागलीची कापणी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीच्या व खुडणीच्या कामास जातात, कोणी वीटभट्ट्यांवर. त्यांच्यामागे मुलेही जातात आणि दिवाळीनंतर हजेरीपटातील खुणा विरळ होऊ लागतात. हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड यांमुळे काही मुले वाचली आहेत. तरी ज्यांच्या शाळेत होळीपर्यंत अर्धा वर्ग रिकामा राहतो, त्या शिक्षकांस या गोष्टीचे निराळे वर्णन करून सांगावयास नको. लाखो माणसे ज्या तालुक्यात येतात, त्याच तालुक्यातून हजारो माणसे पोटासाठी बाहेर का जातात, हा प्रश्न प्रस्तुत पाठाचा गाभा आहे. तो विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडण्यास संकोच करू नये. त्यांनी तो जगलेला आहे.

त्रिरश्मी डोंगरावरील हिशेब

पाठाचा आरंभ नाशिकजवळच्या पांडवलेण्यांपासून करता येईल. या डोंगराचे प्राचीन नाव त्रिरश्मी. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले पायऱ्या मोजतात आणि खाली उतरतात. शिलालेख वाचला जात नाही याची खंत वाटते, कारण त्यात मुलांना सहज सुटेल असे एक सुंदर गणित कोरलेले आहे.

उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती त्याने राजाच्या कोठारात ठेवली नाही, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे सोपविली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. विद्यार्थ्यांस एवढी माहिती देऊन हिशेब पडताळावयास सांगावे. दरमहा २०, वर्षास २४०, वीस जणांत वाटून प्रत्येकी १२. हिशेब अचूक जुळतो, आणि तो जुळला की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो कोणत्याही छापील उदाहरणाने येत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे व्याज ९० कार्षापण होते. ते चाणाक्ष मुले तोंडी सांगतील.

त्याच लेण्यात उषवदाताचा आणखीही एक लेख आहे. उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन व सोपारा, येथे प्रवाशांसाठी विश्रामगृहे बांधली आणि कित्येक नद्यांवर फुकट नावांची सोय केली, असे त्यात नोंदविले आहे. वाटसरूची सोय आणि कारागिराच्या हाती भांडवल या दोन गोष्टी एकाच लेण्यात कोरलेल्या आहेत. धर्मकृत्यासाठी दिलेले द्रव्य गावच्या विणकराच्या मागावरून फिरत राहिले, आणि व्याज तेवढे लेण्यात पोहोचले. आजच्या यात्रेच्या संबंधात आपण नेमके हेच विचारावयाचे आहे : पाहुण्याने दिलेला रुपया गावात कोणाच्या हाती थांबतो?

पाटाचे पाणी व पैशाची गळती

अर्थशास्त्राचे जाणकार ज्यास गळती म्हणतात, ती शेतकऱ्याच्या मुलास समजावून देणे कठीण नाही. पाटाला पाणी सोडले म्हणजे ते सर्व वाफ्यांत पोहोचते असे नाही. पाट जागोजाग फुटलेला असेल तर वरच्या बाजूचे तण माजते आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो. पाहुण्याचा पैसाही तसाच असतो. तो शहरातील भाड्याच्या मोटारीने येतो, परगावच्या मालकाच्या हॉटेलात जेवतो, परराज्यातील कारखान्यात बनलेले खेळणे वा माळ विकत घेतो आणि संध्याकाळी परत जातो. गावाच्या वाट्यास मोटार उभी करण्याची जागा, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कदाचित उकडलेल्या कणसांचे दहा-वीस रुपये येतात.

वरच्या वर्गास पुढील गणित घालावे. उदाहरण काल्पनिक आहे, हे आधी सांगून टाकावे. समजा, पाहुण्याने गावात १०० रुपये दिले आणि ज्याच्या हाती पैसा येतो तो प्रत्येक जण त्यातील ६० टक्के पुन्हा गावातच खर्च करतो : दूध गावातून, भाजी गावातून, शिलाई गावच्या शिंप्याकडे. तर १००, मग ६०, मग ३६, मग २१ रुपये ६० पैसे, असे करीत करीत गावातील एकंदर उलाढाल २५० रुपयांच्या जवळ जाते. उलट, प्रत्येक वेळी केवळ २० टक्केच गावात राहत असतील, तर १००, २०, ४, ८० पैसे. बेरीज १२५ च्या पुढे जात नाही. पाहुणा तोच, त्याने दिलेली रक्कम तीच. गावाच्या वाट्यास येणाऱ्या उलाढालीत मात्र दुपटीचा फरक पडला. पाहुण्यांची संख्या वाढविण्याच्या गोष्टी सर्वत्र चालतात. गळती बुजविण्याच्या गोष्टी त्या मानाने फार कमी ऐकू येतात.

आपल्याच जिल्ह्यात याची निरनिराळी रूपे पाहावयास मिळतात. येवल्याची पैठणी घ्या. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पैठणी विणण्यास साध्या नक्षीस काही आठवडे, तर भरजरी पदरास महिनेही लागतात. तीच पैठणी दूरच्या शहरातील पेढीत विकली गेली तर विणकराच्या हाती मजुरीपुरते पडते; गिऱ्हाईक येवल्यास येऊन माग पाहून घेऊन गेले तर मधल्या हातांचा वाटा कमी होतो. येथे पर्यटन म्हणजे गिऱ्हाईकाने मालाकडे चालत येणे. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांनाही गंगाजळ नेणाऱ्या यात्रेकरूने असेच पिढ्यानुपिढ्या पोसले. यात्रेकरूच्या हाती तांब्याच्या गडूऐवजी प्लॅस्टिकची बाटली आली की त्याचा परिणाम तांबट आळीवर होतो. हा बदल मुलांनी घरच्या वृद्धांस विचारून लिहून आणावा.

नांदूरमध्यमेश्वरचे उदाहरण त्याहून वेगळे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी पाटबंधाऱ्यासाठी बंधारा घातला गेला. गाळ साचला, उथळ पाणी व पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. येथे विकावयास वस्तू नाही. आहे ते ज्ञान. चक्रवाक कोणता, थापट्या कोणता, पहाटे कोणत्या बाजूस जावे, हे आसपासच्या गावांतील तरुणांस ठाऊक आहे आणि वाटाडे म्हणून काम करून ते त्यावर कमाई करू शकतात. ज्या ज्ञानास शाळेत आजवर कोणी गुण दिले नाहीत, त्यास येथे मोल आले. निफाड तालुक्यातील शिक्षकांनी तरी पक्षिनिरीक्षण हा विषय केवळ विरंगुळ्याचा मानू नये.

महिना कोणता?

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या आणि सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या मुद्द्याकडे वळू. पैसा कोठे थांबतो, याइतकेच तो केव्हा येतो, हेही महत्त्वाचे आहे.

सह्याद्रीच्या बाजूस पर्यटकांची गर्दी उसळते ती आषाढ-श्रावणात. हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी माणसामागे माणूस दाटते. परंतु हेच दिवस आवणीचे. पाड्यावरचा प्रत्येक कर्ता हात चिखलात असतो. पाहुण्यास भाकरी करून घालावयास कोणास सवड नसते. बाहेरचा व्यापारी येऊन ती गरज भागवितो व पैसा घेऊन जातो. आणि मार्गशीर्षात, जेव्हा हात रिकामे होतात व कुटुंबे गाव सोडण्याच्या तयारीस लागतात, तेव्हा धबधबे आटलेले असतात व पाहुणा फिरकत नाही. म्हणजे पावसाळी पर्यटन कितीही फोफावले, तरी त्यामुळे स्थलांतर थांबणार नाही. कारण दोन्हींचे महिनेच जुळत नाहीत. हे साधे सत्य मोठमोठ्या योजनांतूनही निसटते, असे म्हणणे भाग आहे.

महिने जेथे जुळतात तेथे काय घडू शकते, याचे उदाहरण सुरगाणा तालुक्यात मिळते. गुजरातच्या हद्दीतील सापुतारा हे थंड हवेचे ठिकाण सुरगाण्याच्या सीमेस लागून आहे. त्या रस्त्यालगतच्या आपल्या बाजूच्या गावांतील आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीची लागवड सुरू केली. हे फळ हिवाळ्यात येते, म्हणजे नेमके ज्या महिन्यांत एरवी गाव रिकामे होत असे त्या महिन्यांत. सापुताऱ्यास जाणारा प्रवासी रस्त्याकडेच्या टपरीवर थांबून फळे घेतो. ठिकाण दुसऱ्या राज्याचे, पाहुणाही आपला नव्हे, पण हंगाम जुळला आणि माल आपल्या शेतातला आहे. एवढ्यानेच काही घरांस गावात राहण्याजोगे काम मिळाले. ज्यांच्याकडे पाण्याची सोय नाही त्यांस मात्र हा मार्ग बंद आहे, हेही मुलांस सांगावे.

जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, अकोले तालुक्यातील पुरुषवाडी येथे निराळा प्रयोग झाला. पाणलोटाचे काम झालेल्या या गावी वैशाख-ज्येष्ठात, पहिल्या सरींच्या आधी, काजव्यांनी झाडे उजळतात आणि शहरातील लोक ते पाहण्यास येतात. ते दिवस पेरणीपूर्वीचे, मोकळे. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी जेवतात व राहतात, आणि पाहुणे कोणत्या घरी जावेत हे पाळीपाळीने ठरते. पाळी हा शब्द येथे फार मोलाचा आहे. तो नसता, तर रस्त्यालगतचे, पक्क्या भिंतींचे घर असणाऱ्या एक-दोघांनीच सर्व मिळकत नेली असती. दूर केरळात कुमरकोम येथे २००८ सालापासून हॉटेलांनी भाजीपाला स्थानिक महिलागटांकडून घ्यावा अशी व्यवस्था उभारण्यात आली. तेथेही यशाचे रहस्य निसर्गसौंदर्यात नसून, काय घ्यावयाचे, किती घ्यावयाचे व कोणत्या भावाने, हे आगाऊ ठरविण्यात होते.

आपल्या जिल्ह्यापुढे आता दोन प्रसंग आहेत. पहिला २०२६-२७ चा सिंहस्थ. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वासाठी रस्ते, घाट व पूल यांवर मोठा खर्च होतो आणि बांधकामावर मजुरीही मिळते; परंतु पर्व सरले की ती मजुरी सरते. शिवाय गर्दीस मर्यादा असते. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे दगावली, हे विसरून केवळ माणसांच्या आकड्यांचा अभिमान मुलांस शिकवू नये. दुसरा प्रसंग साल्हेरचा. बागलाण तालुक्यातील १५६७ मीटर उंचीचा हा दुर्ग महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल सैन्याचा मोकळ्या मैदानात पराभव केला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत नाशिक जिल्ह्यातील हा एकटाच. साल्हेर व वाघांबे ही पायथ्याची गावे आदिवासी वस्तीची. आता पाहुणा वाढणार यात शंका नाही. तो सकाळी येऊन सायंकाळी नाशिकास परतणार की एक रात्र गावात राहणार. त्यास वाट दाखविणारा मुलगा गावचा असणार की मोटारीबरोबर आलेला. जमिनी गावाच्या नावावर राहणार की रस्त्यालगतचे तुकडे आताच विकले जाणार. या गोष्टी पुढील थोड्या वर्षांतच ठरतील. आज सहावीत असणारा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होईल.

वर्गात काय करावे

पाठास साधने फार लागत नाहीत. एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे वर्तुळ काढावे. सर्वांत आतल्या कड्यात शेतीची कामे, त्याबाहेर पाहुण्यांची गर्दी, आणि सर्वांत बाहेर मागील वर्षाच्या हजेरीपटावरून वर्गाची मासिक सरासरी उपस्थिती मांडावी. नावे लिहू नयेत. कोणाच्या घरची अडचण भिंतीवर टांगणे बरे नव्हे. तिन्ही कडी एकमेकांवर ठेवून पाहिली की कोणत्या महिन्यात गावास कामाची खरी गरज आहे, हे मुले स्वतःच बोट ठेवून दाखवितात.

दुसरे काम दुकानांच्या पाहणीचे. ज्या गावी यात्रा वा बाजार भरतो तेथे तीन-चार मुलांच्या गटाने एका दुकानातील दहा वस्तूंची यादी करावी व प्रत्येक वस्तू कोठून आली हे नम्रपणे विचारावे. नांदुरी व सप्तशृंगगड परिसरातील शाळांस एक विशेष पाहणी सुचवितो. २०१८ साली तेथे गडावर ट्रॉली सुरू झाली आणि वृद्ध व अपंग भाविकांची मोठी सोय झाली. पायऱ्यांनी चढणाऱ्या भाविकाचे पाऊल कोणत्या दुकानांवरून जाते व ट्रॉलीने जाणाऱ्याचे कोणत्या, आणि ती दुकाने कोणाची आहेत, याचा नकाशा मुलांनी काढावा. नकाशावाचनाचा याहून चांगला धडा सापडणे कठीण.

पाहणी करताना कोणाच्या नावाने कोणते दुकान नाही, हेही मुलांच्या नजरेस आणून द्यावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, आणि तो काही वर्षे चालला. ज्यांस देवाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्यांस त्या दारापुढे फुले विकण्याची जागा कोठून मिळणार? मोक्याच्या जागा पिढीजात चालत येतात आणि जुना अन्याय कायद्याने संपला तरी जागांच्या वाटपात रेंगाळत राहतो. पुरुषवाडीच्या पाळीचे महत्त्व येथे पुन्हा पटवून देता येईल.

एक इशारा मात्र देणे अवश्य आहे. पर्यटनाचा पाठ शिकवितो म्हणून मुलांस पाहुण्यांपुढे उभे करू नये. यात्रेच्या दिवसांत काही ठिकाणी मुले शाळा बुडवून गंधाचे ठसे, करवंदे, फुगे विकताना दिसतात. पाहुणा कौतुकाने चार रुपये जास्त देतो आणि घरच्यांस वाटते, शाळेपेक्षा हे बरे. हा व्यवहार मुलाच्या आयुष्यातील सर्वांत महाग सौदा असतो. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे; घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर हातभार लावण्यापुरतीच सवलत आहे, व तीही धोक्याच्या कामास नाही. पालकसभेत ही गोष्ट दरडावून सांगण्यापेक्षा वर सांगितलेले वर्तुळ दाखवून सांगावी. अधिक पटते, असा अनुभव आहे.

पाठ आश्विनात, दिवाळीच्या सुटीपूर्वी घ्यावा. तो माघात घेतल्यास ज्या मुलांसाठी तो मुख्यतः आहे, तीच वर्गात नसतात. जी मुले कुटुंबासह जाणार असतील त्यांच्याजवळ एक कोरी वही देऊन ठेवावी. ज्या बागेत वा भट्टीवर ती राहतील, तेथे कोण पाहुणे येतात, काय घेतात, कोणास पैसे देतात व त्या कामाची मजुरी किती, हे त्यांनी महिन्यातून एकदा तारखेनिशी टिपावे. होळीस ती परत आली म्हणजे भिंतीवरच्या वर्तुळातील पौष ते फाल्गुनाचे रिकामे रकाने त्यांच्याच हातून भरून घ्यावेत.